टॉमी-टपेन्सचं पाचवं पुस्तक: यादीत ठेवावं की गाळावं?

गोदाकाठ

नाशिकच्या वाचनगटाचं पुढचं सत्र रहस्यमालिकांचं आहे. अट एकच: मालिका घेतली की क्रमाने वाचायची, मधूनच उचलायची नाही. अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो आणि मिस मार्पल या गुप्तहेरांच्या मालिका एका सत्रात मावणाऱ्या नाहीत, म्हणून टॉमी आणि टपेन्स हे जोडपं ठरलं. सगळी मिळून पाचच पुस्तकं: ‘द सिक्रेट ॲडव्हर्सरी’ (१९२२), ‘पार्टनर्स इन क्राइम’ (१९२९), ‘एन ऑर एम?’ (१९४१), ‘बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्ज’ (१९६८) आणि ‘पोस्टर्न ऑफ फेट’ (१९७३).

पेच पाचव्याचा आहे. सुरुवात अशी की हातातलं काम बाजूला पडावं. सत्तरी गाठलेलं जोडपं हॉलोक्वे गावात जुनं घर घेतं. आधीच्या मालकांनी टाकून दिलेली मुलांची पुस्तकं टपेन्स लावत बसते, आणि स्टीव्हन्सनच्या ‘द ब्लॅक ॲरो’मध्ये तिला काही अक्षरांखाली रेघा दिसतात. अक्षरं जुळवली की निरोप निघतो: मेरी जॉर्डनला नैसर्गिक मरण आलेलं नाही, आणि हे करणारा आपल्यातलाच आहे. इथपर्यंत झकास. त्यानंतर पुस्तक जे भरकटतं ते शेवटपर्यंत जागेवर येत नाही.

तर दोन प्रश्न. नेमकं बिघडलं काय? ‘म्हातारपण’ एवढ्या एका शब्दात उत्तर नको. आणि गटाने पाचवं वाचावं की चौथ्यावर थांबावं? रहस्यभेद करणार असाल तर वर तसं लिहा.

अडगळीतला

चौथ्यावर थांबा. खरं तर तिसऱ्यावर थांबलात तरी चालेल.

सौ_संशय

मी वाचलेलं नाही, पण माळ्यानेच केलं असणार. इंग्रजांच्या घरात दुसरं असतं कोण?

भद्रकालीकर

@सौ_संशय, या पुस्तकात माळीच मरतो हो. म्हातारा आयझॅक.

सौ_संशय

इशारा न देता माळी मारलात! व्यवस्थापक झोपलेत का?

व्यवस्थापक

जागे आहोत. पुस्तक १९७३ चं आहे, माळ्याला माफी. मात्र खुनी कोण हे कुणी उघड लिहिलं तर प्रतिसाद उडेल.

तर्कट

(खुन्याचं नाव नाही, फक्त बांधणीबद्दल.)

पुस्तक पडतं ते कुंपण नसल्यामुळे. रहस्यकथेत संशयितांना कुठेतरी कोंडावं लागतं. बर्फात अडकलेली गाडी, बेट, वाड्यातली एक रात्र. कोंडलं की वाचक मोजू लागतो: हे आठ जण, यातला एक. ‘पोस्टर्न’मध्ये मूळ गुन्हा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे घडलेला. निरोप लिहिणारा अलेक्झांडर पार्किन्सन चौदाव्या वर्षीच गेलेला. ज्यांच्यावर संशय घ्यायचा ते बहुतेक थडग्यात. उरतात ती गावातली म्हातारी माणसं, आणि त्यांची साक्ष म्हणजे ‘माझी आजी म्हणायची’. ऐकीव साक्ष ताडून पाहता येत नाही, आणि जी ताडून पाहता येत नाही ती धागा म्हणून काही कामाची नाही.

जुना गुन्हा घेतला म्हणून असं झालं, असं कुणी म्हणेल. तर तिचंच ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ (१९४२) बघा. तिथेही गुन्हा सोळा वर्षांपूर्वीचा. पण पाच संशयित जिवंत आहेत, आणि पॉयरो प्रत्येकाकडून त्या दिवसाची हकीकत लेखी घेतो. एकच दिवस पाच तोंडून. कोण खोलीत कधी आलं, कुणी कुठलं वाक्य ऐकलं, बाटलीला कुणी हात लावला, हे पाचही कागद शेजारी ठेवून वाचकाला स्वतः तपासता येतं. जुन्या गुन्ह्याला जिवंत करायची युक्ती तिला पुरती ठाऊक होती. ‘पोस्टर्न’मध्ये तिने ती वापरलीच नाही.

दुसरी गोष्ट माहितीच्या वाटपाची. निरोप अगदी सुरुवातीला मिळतो आणि पुढची खरोखर नवी माहिती यायला फार वेळ जातो. मधल्या पानांत टपेन्सला जे कळलं ते ती टॉमीला सांगते, टॉमी आपल्या ओळखीच्या बड्या लोकांना सांगतो, घरकामाला असलेल्या अल्बर्टलाही सांगून होतं. वाचकाला तीच गोष्ट तीनदा ऐकावी लागते आणि दर वेळी ती थोडी पातळ झालेली असते. वर्तमानातला खून येतो तोही बराच उशिरा. शेवटचा उलगडा तर या जोडप्याच्या तर्कापेक्षा हेरखात्याच्या वर्तुळातल्या माणसांच्या बोलण्यातूनच जास्त कळतो. मग वाचकाने इतका वेळ डोकं कशासाठी चालवलं?

मोजपट्टी

गोदाकाठ ‘म्हातारपण’ नको म्हणतात, पण त्यावर मोजमाप झालेलं आहे. टोरंटो विद्यापीठाच्या इयन लँकाशर आणि ग्रॅम हर्स्ट यांनी २००९ मध्ये ख्रिस्तीच्या वेगवेगळ्या वयातल्या कादंबऱ्या घेऊन प्रत्येकीचे पहिले ५० हजार शब्द संगणकाने तपासले. बघितल्या तीन गोष्टी: वेगवेगळे शब्द किती, तेच तेच शब्दगट किती वेळा येतात, आणि ‘काहीतरी’, ‘कसलीशी गोष्ट’ अशा मोघम शब्दांचं प्रमाण किती. शेवटच्या पुस्तकांत वेगवेगळे शब्द कमी झाले, मोघम शब्द वाढले. सर्वांत मोठी घसरण ‘पोस्टर्न’च्या आदल्या वर्षी आलेल्या ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’मध्ये होती, शब्दसंपदा सुमारे ३० टक्क्यांनी खाली.

गटात हा प्रयोग करायचा असेल तर एक काळजी घ्या. दोन पुस्तकं अख्खी समोरासमोर ठेवू नका. मजकूर जितका लांब तितके शब्द पुन्हा पुन्हा येणारच, त्यामुळे जाड पुस्तक उगाच गरीब दिसतं. दोन्हींतून सारख्याच शब्दसंख्येचा तुकडा घ्या, तोही एकाच जातीचा. संवादाशी संवाद, वर्णनाशी वर्णन.

भद्रकालीकर

@मोजपट्टी, अभ्यास बरोबर, पण त्यावरून लोक लगेच अल्झायमरचं (स्मृतिभ्रंशाचं) नाव घेतात ते पटत नाही. संशोधकांनी फक्त शक्यता मांडली, ख्रिस्तीच्या हयातीत तसं निदान झालेलं नव्हतं. शिवाय शब्द कमी झाले म्हणून कथानक का ढासळावं? साध्या शब्दांत घट्ट रहस्य लिहिता येतं. तिची स्वतःची चांगली पुस्तकं साध्याच भाषेत आहेत.

वयाचंही तसंच. तिचा जन्म १८९० चा. ‘एंडलेस नाइट’ १९६७ चं, म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षी आलेलं, आणि तिच्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. तीनच वर्षांनी ‘पॅसेंजर टू फ्रँकफर्ट’ आलं आणि ते विस्कळीत. दोन्हींत फरक असा की ‘एंडलेस नाइट’मध्ये एकच माणूस बोलतो, जागा एक, माणसं मोजकी. ‘फ्रँकफर्ट’मध्ये जगभरचं कारस्थान. हेरगिरी आणि कारस्थान हा तिचा प्रांत कधीच नव्हता, आणि टॉमी-टपेन्स मालिकेच्या मुळातच हेरगिरी आहे. तरुणपणी वेगाने ते झाकून जायचं.

आणखी एक कारण धरा. उतारवयात ती डिक्टाफोनवर सांगून मजकूर उतरवून घेत असे. बोलताना माणूस मागे जातो, पुन्हा सांगतो, ‘हां, तर मी काय म्हणत होते’ करतो. ‘पोस्टर्न’मधले संवाद त्याच चालीचे आहेत. ते छापण्यापूर्वी कुणीतरी कात्री घेऊन बसायला हवं होतं. ‘ख्रिसमसला ख्रिस्ती’ अशी दरवर्षीची जाहिरात ठरलेली असताना ती कात्री कोण चालवणार?

अडगळीतला

शेवटचं पुस्तक ‘कर्टन’ ना? ते तर चांगलं आहे. मग घसरण कसली?

भद्रकालीकर

‘कर्टन’ छापलं गेलं १९७५ मध्ये, पण ते लिहिलेलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. लिहून कडीकुलपात ठेवलं होतं. १९७६ चं ‘स्लीपिंग मर्डर’ही जुनंच लेखन. लिहिण्याच्या क्रमाने शेवटची कादंबरी ‘पोस्टर्न’च.

काळी_मांजर

(शेरलॉक होम्सच्या चार कथांचा रहस्यभेद आहे.)

फसलेल्या पुढच्या भागाची दुसरी जात म्हणजे जुनीच युक्ती नवे कपडे घालून आणणं. होम्सचा लेखक डॉइल, त्याने १८९३ मध्ये होम्सला मारला. मग ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ १९०१-०२ मध्ये आलं ते ‘मरणापूर्वीचं प्रकरण’ म्हणून, आणि १९०३ मध्ये होम्स जिवंत होऊन परतला. परतीच्या त्या कथेत, ‘द एम्प्टी हाउस’मध्ये, खिडकीत मेणाचा पुतळा ठेवून शत्रूला फसवलं आहे. १९२१ च्या ‘द मॅझरिन स्टोन’मध्ये पुन्हा खिडकीत पुतळा! ती कथा मुळात नाटुकल्यावरून केलेली, म्हणून सगळं एकाच खोलीत घडतं आणि वॉटसनऐवजी तृतीयपुरुषी निवेदन आहे. १८९१ ची ‘रेड-हेडेड लीग’ म्हणजे विचित्र आमिष दाखवून माणसाला ठरावीक वेळ जागेवरून हलवायचं. १९२४ ची ‘थ्री गॅरिडेब्ज’ही तेच. फरक इतकाच की पहिलीत आमिष इतकं चक्रम आहे की वाचक हसत बसतो आणि तळघराकडे लक्षच जात नाही. दुसरीत वाचक आधीच शिकलेला असतो, ‘याला घराबाहेर का काढताय?’ हा प्रश्न त्याला लगेच पडतो.

मालिकेचा वाचक दर पुस्तकागणिक हुशार होत जातो, आणि लेखकाला हे ध्यानात ठेवून लपवाछपवी बदलावी लागते. सुटं पुस्तक लिहिणाऱ्याला ही कटकट नाही.

तर्कट

@काळी_मांजर, अगदी. ‘पोस्टर्न’मध्येही तेच आहे बरं. मेरी जॉर्डनच्या वेळी भाजीच्या पानांत फॉक्सग्लव्हची पानं मिसळली गेली होती. त्या पानांत डिजिटॅलिस, म्हणजे हृदयावर काम करणारं विष. हीच पानांची गफलत मिस मार्पलच्या ‘द हर्ब ऑफ डेथ’ या कथेत येऊन गेलेली, संग्रह १९३२ चा. तिथे ती इतकी नेटकी बसली आहे की कथा वीसेक पानांत संपते. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती रुग्णालयाच्या औषधविभागात काम करत होती, त्यामुळे विषाच्या मात्रेत ती सहसा चुकत नाही. ‘पोस्टर्न’मध्येही विष बरोबर आहे, भोवतालचं बांधकाम ढिलं.

फिलो व्हान्स या गुप्तहेराचा जनक एस. एस. व्हॅन डाइन म्हणायचा की एका लेखकात सहापेक्षा जास्त चांगल्या रहस्यकादंबऱ्या असतील असं वाटत नाही. स्वतः बारा लिहिल्या, आणि जाणकारांच्या मते पहिल्या सहाच चांगल्या.

जुनं_ते

सहा? आमच्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या! झुंजार, काळापहाड. कुणी म्हणालं का, की अमुक भाग फसला?

भद्रकालीकर

म्हणणार कसं, @जुनं_ते? तिथे करार वेगळा होता. अर्नाळकरांचा वाचक ‘खुनी कोण’ हे सोडवायला बसत नव्हता, झुंजार आता कसा सुटतो हे बघायला बसायचा. तो साहसाचा करार. एखादा भाग कमी रंगला तर वाचक दुसरा घ्यायचा, महिन्याभरात विसरायचा. सुहास शिरवळकरांनी तर नायकच वाटून घेतले. फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन. एकाला न पेलणारं कथानक दुसऱ्याला द्यायचं. एकच नायक एकाच साच्यात पिळत राहण्यापेक्षा ही व्यवस्था शहाणपणाची.

जुनं_ते

तेच म्हणतोय. सोडवायचा हट्ट धरला की निराशा येते.

तर्कट

मग त्याला रहस्यकथा म्हणू नका, पाठलाग म्हणा. कोडं घालणाऱ्याने उत्तर द्यायलाच हवं.

सत्यवती_फॅन

चांगलं उदाहरण कुणीच घेईना म्हणून मी घेते. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा बंगाली गुप्तहेर ब्योमकेश. १९३२ मध्ये लेखन सुरू. ‘पथेर काँटा’ आणि ‘सीमंत-हीरा’ आधी लिहून झाल्या, मालिका करायची ठरल्यावर ‘सत्यान्वेषी’ लिहिली आणि ती ओळखीची कथा म्हणून पहिली ठेवली. म्हणजे वाचनाचा क्रम आणि लेखनाचा क्रम वेगळा. @गोदाकाठ, क्रमाने वाचायची अट असेल तर आधी कुठला क्रम ते ठरवा.

१९३८ मध्ये शरदिंदू चित्रपटांसाठी लिहायला मुंबईला आले, पुढे पुण्याला स्थायिक झाले. मध्ये साधारण पंधरा वर्षं ब्योमकेश नाही. एवढ्या खंडानंतर परतलेली मालिका सहसा आपटते. ही आपटली नाही, कारण त्यांनी काळ गोठवला नाही. ब्योमकेशचं लग्न झालंय, मूल आहे, कोलकात्यात दंगली होऊन गेल्यात, पैशाची चणचण आहे. ‘आदिम रिपु’मधला खून त्या उलथापालथीशिवाय घडूच शकत नाही. नायकाचं वय वाढवलं आणि गुन्ह्याचंही. शेवटी शेवटी ब्योमकेशचा मित्र अजित याला निवेदकपदावरूनही मोकळं केलं. ‘विशुपाल वध’ मात्र १९७० मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरी राहिली.

उलट पॉयरो. १९२० च्या पहिल्याच पुस्तकात तो निवृत्त बेल्जियन पोलीस आहे. १९७२ मध्येही हिंडतोय. हिशेब केला तर शंभरी कधीच ओलांडली.

मोजपट्टी

टॉमी-टपेन्सच्या बाबतीत ख्रिस्तीने हेच बरोबर केलं होतं की! १९२२ मध्ये दोघांचं वय मिळून पंचेचाळीस भरत नाही असं लिहिलंय. १९४१ मध्ये ती पन्नाशीकडे झुकलेली, मुलं मोठी, आणि ‘या वयात आम्हाला कुणी काम देत नाही’ ही कुरकुर हाच कथानकाचा आरंभ. १९७३ मध्ये सत्तरीपार. आकड्यांचा मेळ बसतो. तरी पुस्तक फसलं. तेव्हा वय वाढवणं पुरेसं नाही.

सत्यवती_फॅन

वय वाढवलं, पण वयाचा उपयोग नाही केला. ‘एन ऑर एम?’मध्ये मध्यमवय हेच वेषांतर आहे, बोर्डिंग हाउसमधल्या विणकाम करणाऱ्या बाईकडे कोण बघतं? ‘पोस्टर्न’मध्ये म्हातारपण नुसतं आहे. त्यातून काही घडत नाही.

अडगळीतला

‘एन ऑर एम?’वरून आठवलं. त्यात मेजर ब्लेचली नावाचं पात्र आहे म्हणून ब्रिटिश हेरखातं हादरलं होतं, कारण ब्लेचली पार्कला गुप्त संदेश फोडायचं काम चालू होतं. बाईंना खरंच काही माहीत आहे का याची चौकशी केली, तर म्हणे गाडी ब्लेचलीला खोळंबली होती, त्याचा राग म्हणून एका नावडत्या पात्राला ते नाव दिलं. नाशिकरोडला ताटकळलेल्या लेखकांनी हा उपाय ध्यानात ठेवावा.

पंचवटी_एक्स्प्रेस

नाशिकरोडचा विषय निघालाच आहे तर एक मागणं. इथे दोघं-तिघं नाशिकमध्ये घडणारी रहस्यमालिका लिहीत आहेत. पहिल्या भागात जे गाव उभं केलं ते दुसऱ्या भागात मोडू नका, मालिकेचा वाचक गावालाही पात्रच समजतो. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी मनमाडहून मुंबईला जाते आणि संध्याकाळी मुंबईहून निघून परत येते. संशयित ‘दुपारी पंचवटीने मुंबईला गेलो होतो’ म्हणाला आणि तपास अधिकाऱ्याने मान डोलावली, की इथला वाचक पुस्तक मिटणार. हां, संशयित खोटं बोलतोय आणि ते याच वाक्यावरून पकडायचं असेल, तर फारच छान.

सायखेडकर

नदीची दिशाही सांभाळा. गंगापूर धरण, सोमेश्वर, आनंदवल्ली, मग रामकुंड, तपोवन आणि पुढे नांदूरमधमेश्वर. तपोवनात टाकलेली पेटी रामकुंडावर सापडत नाही. पुराचा प्रसंग असेल तर क्युसेकचे आकडे फेकू नका, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, छातीला की डोक्यावरून पाणी, एवढं लिहा. आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी पोचवलंत तर त्या रात्री कुणालाही रामकुंडावरून चालत नेऊ नका.

छाटणीवाला

द्राक्षांबद्दलही लिहितोच. ऑगस्टमध्ये निफाड-दिंडोरीच्या बागेत पिकलेले घड लोंबत असतील आणि त्याआड मृतदेह असेल, तर ते चालणार नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल. ऑगस्टमध्ये बागेत नुसता पाला.

सायखेडकर

सरसकट नाही हो. बागलाणात अर्ली द्राक्षं घेतात, छाटणी पावसाळ्यातच उरकतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात माल निघतो.

छाटणीवाला

ते बागलाणात. निफाडची बाग म्हणून लिहिलं असेल तर निफाडचंच वेळापत्रक. आणि ऑगस्टमध्ये पिकलेले घड बागलाणातही नाहीत!

रहस्यकथेच्या उपयोगाचं एक सांगतो. फळछाटणीनंतर डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात, बाजारातलं ओळखीचं नाव डॉर्मेक्स. हे हाताळलेल्या माणसाने दारू घ्यायची नसते, कारण अंगातली दारू पचवायची प्रक्रियाच ते अडवतं. चेहरा लाल होतो, धडधड वाढते, दम लागतो. द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्या तपासनिसाला हे ठाऊक असणारच, आणि मुंबईहून आलेल्याला ठाऊक नसणार. ही तफावत लेखकाला वापरता येईल. फक्त हंगाम ऑक्टोबरचा ठेवा.

सौ_संशय

ख्रिस्तीबाईंना निफाडला राहायला यायला हवं होतं.

काळी_मांजर

विषयांतर रंगलंय, पण त्यातलं मूळ सूत्र धाग्याचंच आहे. पुढच्या भागात मागच्या भागाची नोंद मोडते. वॉटसनला गोळी पहिल्या पुस्तकात खांद्याला लागली आणि दुसऱ्यात पायाला. त्याचं नाव जॉन, पण १८९१ च्या एका कथेत बायको त्याला जेम्स म्हणते. ‘फायनल प्रॉब्लेम’मध्ये वॉटसन सांगतो की होम्सचा शत्रू मोरिआर्टी याचं नावही ऐकलं नाही, आणि नंतर लिहिलेल्या पण काळाने आधीच्या ‘व्हॅली ऑफ फिअर’मध्ये त्याला मोरिआर्टी चांगला माहीत आहे. ‘विस्टेरिया लॉज’ तर मार्च १८९२ मध्ये घडते, म्हणजे जगाच्या लेखी होम्स मेलेला असताना.

तर्कट

आणि तरीही होम्सचे वाचक या चुकांवर प्रेम करतात, त्यावर निबंध लिहितात. नोंदी मोडल्याने मालिका मरत नाही, कोडं मोडल्याने मरते.

पंचवटी_एक्स्प्रेस

@तर्कट, डॉइलला चाललं, नवख्याला चालणार नाही. पात्रवही ठेवावीच. प्रत्येक पात्राला एक पान: जन्मसाल, जुनी दुखापत आणि कुठल्या बाजूला, गाडी कुठली, कुणाशी अरेतुरे आणि कुणाला अहोजाहो, आणि सर्वांत महत्त्वाचं, कुठल्या भागाच्या शेवटी त्याला काय काय माहीत आहे. मोरिआर्टीची चूक याच शेवटच्या रकान्याची. नाशिककरांना वय मोजायला आयतं माप आहे. सिंहस्थ १९९१, २००३, २०१५ आणि पुढचा २०२७ चा. पहिल्या भागात नायक १९९१ च्या सिंहस्थात पंचवीस वर्षांचा बंदोबस्तावरचा फौजदार असेल, तर २०२७ मध्ये तो एकसष्टीचा निवृत्त माणूस आहे. त्याला भिंतीवरून उड्या मारायला लावू नका.

गोदाकाठ

छाटणीपासून सिंहस्थापर्यंत जाऊन आलात, आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे याल का? वाचावं की नाही?

अडगळीतला

नाही.

मोजपट्टी

हो. फसलेलं पुस्तक गटाला चांगल्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवतं. चांगल्यात सांधे दिसत नाहीत.

भद्रकालीकर

हो, पण वेगळ्या नजरेने. घरातला मॅथिल्ड नावाचा डुलता घोडा, ट्रूलव ही खेळण्यातली गाडी, बागेतलं काचघर, या सगळ्या ख्रिस्तीच्या टॉर्कीतल्या बालपणीच्या घरातल्या वस्तू आहेत. तिच्या आत्मचरित्रात (१९७७) त्या भेटतात. रहस्य म्हणून पुस्तक पडतं, पण जुन्या घरात परत हिंडणारी बाई म्हणून वाचलं तर पहिला एक-तृतीयांश भाग खरोखर हृद्य आहे. आत्मचरित्रातलं बालपणाचं प्रकरण सोबत ठेवा.

अडगळीतला

हृद्य वाचायचं तर आत्मचरित्रच वाचा की. कादंबरीत कोडं घातलंय म्हणून पैसे घेतलेत.

तर्कट

@अडगळीतला यांच्याशी अर्धा सहमत. अख्खं वाचायला लावू नका. माझी सूचना अशी. निरोप उलगडल्यावर आणि टपेन्सला अलेक्झांडरचं थडगं सापडल्यावर पुस्तक मिटायचं. प्रत्येकाने एका पानात स्वतःचा आराखडा लिहायचा: जिवंत संशयित कोण, किती, आणि त्यांना एकत्र कोंडायचं कसं. मग उरलेलं पुस्तक एकाने वाचून बैठकीत अर्ध्या तासात सांगायचं. नंतर ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ सगळ्यांनी पूर्ण वाचायचं, कारण याच प्रश्नाचं तिने स्वतः दिलेलं बरोबर उत्तर तेच आहे.

चौथं मात्र गाळू नका. त्याची अर्पणपत्रिकाच ‘टॉमी-टपेन्सचं पुढे काय झालं’ असं पत्रांतून विचारणाऱ्या वाचकांना आहे. सत्तावीस वर्षांनी मालिका उठली ती वाचकांच्या आग्रहावरून. पाचव्याचा दोष काही अंशी आपल्याही माथी येतो.

सत्यवती_फॅन

दुसऱ्या पुस्तकाबद्दल एक. ‘पार्टनर्स इन क्राइम’ हा कथासंग्रह आहे, आणि त्यात बहुतेक कथांत हे दोघं त्या काळच्या एखाद्या गाजलेल्या गुप्तहेराची नक्कल करतात. शेवटी खुद्द पॉयरोचीही. ज्यांची नक्कल आहे ते बरेचसे आज कुणी वाचत नाही, त्यामुळे विनोद हुकतो. बैठकीआधी कुठल्या कथेत कुणाची नक्कल याचं एक टिपण वाटा.

गोदाकाठ

ठरलं तर. पहिली चार पूर्ण, पाचवं थडग्यापर्यंत, मग एकेक पान आराखडा, मग ‘फाइव्ह लिटल पिग्ज’. आत्मचरित्रातलं प्रकरण ऐच्छिक. सार्वजनिक वाचनालयात आणि गटातल्या लोकांच्या कपाटांत मिळून किती प्रती जमतात ते बघते. ‘द हर्ब ऑफ डेथ’ कुठे बसवू? पाचव्याच्या आधी की नंतर?

तर्कट

नंतर, आणि आराखडे गोळा केल्यावरच. आधी वाचली तर सगळे फॉक्सग्लव्हच लिहून आणतील.

छाटणीवाला

एकाने तरी डॉर्मेक्स लिहावं ही विनंती.